जालन्याची सीडी आणि कॉम्प्युटर फॉरेन्सिकचा पहिला धडा

१/ नांदेड जिल्ह्यातील लोह्यासारख्या तालुक्याच्या गावातून कोणी ‘कॉम्प्युटर फॉरेन्सिक’ शिकायला निघाले, की पासवर्ड फोडणारा जादूगार डोळ्यांसमोर येतो. या विद्येचा पहिला धडा मात्र वेगळा आहे, आणि तो मराठवाड्यातल्याच एका खटल्यात सापडतो. #थ्रेड

२/ ऑक्टोबर २०१४. जालना विधानसभा मतदारसंघात अर्जुन खोतकर यांनी कैलास गोरंट्याल यांचा अवघ्या २९६ मतांनी पराभव केला. गोरंट्याल न्यायालयात गेले. आक्षेप वेळेचा होता. २७ सप्टेंबरला दुपारी ३ वाजता मुदत संपल्यानंतर खोतकरांचे उमेदवारी अर्ज दाखल झाले, असे त्यांचे म्हणणे.

३/ निवडणूक निर्णय अधिकाऱ्यांच्या कार्यालयात चित्रीकरण झाले होते. न्यायालयापुढे मात्र त्याच्या सीडी आल्या, म्हणजे नकला. नक्कल मुळाबरहुकूम आहे, याची ग्वाही कोणी द्यायची?

४/ पुरावा कायद्यात २००० साली आलेल्या कलम ६५ब चे उत्तर होते : सोबत प्रमाणपत्र हवे. ते वारंवार मागूनही अधिकाऱ्यांकडून मिळाले नाही. अखेर औरंगाबाद खंडपीठाने अधिकाऱ्यांची तोंडी साक्ष ग्राह्य धरली आणि २०१७ मध्ये खोतकरांची निवड रद्द ठरवली.

५/ प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले. १४ जुलै २०२० रोजी तीन न्यायमूर्तींच्या पीठाने निकाल दिला. मूळ उपकरणच हजर केले, तर प्रमाणपत्र नको. नक्कल असेल, तर ते अनिवार्य. पक्षकाराने सर्व प्रयत्न करूनही ते मिळाले नाही, तर त्याला सूट. खोतकरांचे अपील फेटाळले गेले. तोवर त्या विधानसभेची मुदत संपली होती आणि २०१९ मध्ये गोरंट्याल जालन्यातून निवडूनही आले होते.

६/ बखरीची नक्कल हाती आली, की इतिहासकार विचारतो : मूळ कोठे, नक्कल कोणी केली, मधल्या हातांनी काय बदलले? फॉरेन्सिकचा विद्यार्थी हेच प्रश्न हार्ड डिस्कला विचारायला शिकतो. मूळ डिस्कवर काही लिहिले जाऊ नये म्हणून तो राइट-ब्लॉकर जोडतो, तिची हुबेहूब प्रत काढतो आणि दोन्हींचे हॅश मूल्य ताडून पाहतो. एसएचए-२५६ या पद्धतीत हे मूल्य ६४ अक्षर-अंकांचे असते. मुळात एक अक्षर बदलले, तरी ते पार बदलते. पुढचा तपास प्रतीवरच चालतो.

७/ १ जुलै २०२४ पासून भारतीय साक्ष्य अधिनियम लागू झाला. कलम ६३ च्या प्रमाणपत्रात आता हॅश मूल्य नोंदवावे लागते, आणि त्याचा दुसरा भाग तज्ज्ञाने भरायचा असतो. सात वर्षे वा अधिक शिक्षेच्या गुन्ह्यांत फॉरेन्सिक तज्ज्ञाने घटनास्थळी जाण्याची तरतूदही नव्या नागरिक सुरक्षा संहितेत आहे. राज्यांनी ती पाच वर्षांच्या आत अमलात आणायची आहे.

८/ हे तज्ज्ञ घडतात कोठे? मुंबई, नागपूर आणि औरंगाबाद (आता छत्रपती संभाजीनगर) येथे शासकीय न्यायसहायक विज्ञान संस्था आहेत. गांधीनगरच्या गुजरात फॉरेन्सिक सायन्सेस विद्यापीठाला २०२० मध्ये राष्ट्रीय विद्यापीठाचा दर्जा मिळाला.

९/ जालन्यात दोन्ही बाजूंना नामांकित वकील होते, तरी निकालाला जवळपास सहा वर्षे लागली. लोह्यातील एखाद्या साध्या खटल्यात मोबाइलचे चित्रीकरण हाच एकमेव पुरावा असेल, तर फिर्यादीची सारी भिस्त फोन जप्त करणाऱ्या आणि त्याची प्रत काढणाऱ्या हातांवर असते. तेथे प्रशिक्षित माणूस पहिल्याच दिवशी हवा.