काचपेटीतले पांढरे प्रवाळ

घरी समुद्राच्या पाण्याची काचपेटी ठेवून तीत प्रवाळ वाढवणाऱ्यांच्या वाट्याला एक अनुभव कधी ना कधी येतोच. परवापर्यंत तपकिरी-हिरवट दिसणारा प्रवाळ चार-आठ दिवसांत पांढराफटक पडतो. मालकाला वाटते, प्रवाळ मेला. पण पुष्कळदा तो त्या वेळी जिवंत असतो. या पांढरेपणाचा अर्थ लावायला शास्त्रज्ञांना कित्येक वर्षे लागली, आणि त्यातले बरेचसे काम अशाच लहानसहान भांड्यांत झाले.

प्रवाळ म्हटले की आपल्याला पोवळे आठवते. सोनाराकडचे लाल पोवळे भूमध्य समुद्रातले. त्याचा रंग सांगाड्यातच मुरलेला असल्याने प्राणी मेला तरी रंग टिकतो. उष्ण समुद्रात प्रवाळभित्ती बांधणाऱ्या प्रवाळांचे तसे नसते. त्यांचा सांगाडा पांढऱ्या चुन्याचा आणि त्यावरचा प्राणी जवळजवळ पारदर्शक. बराचसा रंग असतो तो प्राण्याच्या पेशींत राहणाऱ्या एकपेशीय शैवालांचा. कार्ल ब्रांट या जर्मन प्राणिशास्त्रज्ञाने १८८१ साली त्यांना ‘झूझँथेला’ हे नाव दिले. ही शैवाले निघून गेली की प्राण्याच्या आरपार आतला चुना दिसू लागतो. यालाच प्रवाळांचे विरंजन म्हणतात.

जुलै १९२८ मध्ये ब्रिटिश संशोधकांची एक तुकडी ऑस्ट्रेलियाच्या ग्रेट बॅरिअर रीफवरील लो आइल्स या चिमुकल्या बेटावर उतरली आणि वर्षभर तेथे राहिली. तिचे प्रमुख मॉरिस याँग तेव्हा अवघे २८ वर्षांचे होते. त्यांनी व त्यांचे सहकारी निकल्स यांनी काही प्रवाळ अंधारात झाकून ठेवले, तर काहींचे पाणी तापवले. दोन्ही प्रकारांत प्रवाळांनी शैवाले गमावली. मात्र अंधारातल्या ज्या प्रवाळांना समुद्रातले सूक्ष्म प्राणी खायला मिळत होते, ते रंग जाऊनही जगले. यावरून याँग यांनी निष्कर्ष काढला की प्रवाळ हा पक्का मांसाहारी प्राणी आहे. शैवाले म्हणजे त्याच्या घरातला कचरा उचलणारे भाडेकरू, त्यांच्यावाचून त्याचे फारसे अडत नाही.

प्रयोग चोख होता, अनुमान मात्र अर्धेच खरे. आम्हांला हा भाग वर्गात सांगण्याजोगा वाटतो. प्रवाळ अन्न पकडतो हे डोळ्यांना दिसत होते. शैवालाकडून त्याला मिळणारी साखर दिसत नव्हती. ती दिसायला किरणोत्सारी मूलद्रव्ये हाती यावी लागली. १९५८ मध्ये मस्कटीन आणि हँड यांनी प्रवाळाच्याच नात्यातल्या समुद्रफुलावर कार्बन-१४ वापरून दाखवले की शैवालाने प्रकाशात बांधलेला कार्बन प्राण्याच्या शरीरात उतरतो. पुढच्याच वर्षी जमैकात काम करणाऱ्या टॉमस गोरो यांनी कॅल्शियम-४५ च्या साहाय्याने दाखवून दिले की उजेडात प्रवाळाचा चुना कितीतरी अधिक वेगाने साठतो. म्हणजे भाडेकरू घराच्या बांधकामातही हातभार लावत होता आणि स्वयंपाकघरही चालवत होता.

ऑक्टोबर १९६३ मध्ये फ्लोरा चक्रीवादळाने जमैकावर धो धो पाऊस ओतला. पुराचे गोडे पाणी किनाऱ्याच्या समुद्रावर पसरले आणि प्रवाळ पांढरे पडले. गोरो यांनी हे १९६४ साली प्रसिद्ध केले. उष्णता, अंधार, पाण्याचा उतरलेला खारेपणा ही कारणे वेगवेगळी, पण परिणाम एकच. पांढरा प्रवाळ दिसला की ‘पाणी तापले’ एवढेच उत्तर देऊन थांबता येत नाही.

याच सुमारास प्रवाळ घरात आला. १९६१ साली जाकार्ताच्या ली चिन एंग यांनी आपल्या पद्धतीची माहिती प्रसिद्ध केली: समुद्राचे ताजे पाणी, जिवंत जीवांनी भरलेले खडक आणि हवेचे बुडबुडे, बस्स. विषुववृत्ताजवळच्या बंदरात हे साधले. थंड देशांतल्या हौशी लोकांना मात्र सूर्याची जागा भरून काढायला प्रखर दिवे लावावे लागले, आणि दिव्याबरोबर उष्णता आली.

समजा, शिवाजी पार्कच्या एखाद्या घरात २०० लिटरची पेटी आहे आणि तिच्यावर २५० वॉटचा मेटल हॅलाइड दिवा आहे. तासाभरात दिवा ९ लाख ज्यूल ऊर्जा देतो. २०० लिटर पाणी एक अंशाने तापायला सुमारे ८.४ लाख ज्यूल लागतात. सगळी ऊर्जा पाण्यात उतरली असे धरले, तर तासाला एक अंशाहून थोडी अधिक वाढ झाली. प्रत्यक्षात बरीच उष्णता हवेत जाते, बाष्पीभवनातही खर्च होते. पण मे महिन्यात खोलीच ३३ अंशांवर असेल तर ती जाणार कोठे? शिवाय पाणी आटल्यामुळे खारेपणा वाढतो. मालक घाईने बादलीभर गोडे पाणी ओततो, आणि जमैकाचा पूर पेटीत येतो.

तापलेल्या पाण्यात शैवालाची प्रकाशसंश्लेषणाची यंत्रणा पडलेला उजेड पेलू शकत नाही. ऑक्सिजनची घातक रूपे तयार होतात, आणि प्राणी शैवालांना बाहेर टाकतो. म्हणून पेटीत पाणी हळूहळू थंड करण्याबरोबरच दिवा मंद करणे हाही उपाय ठरतो. शैवाले परतली तर प्रवाळ वाचतो. न परतल्यास काही आठवड्यांत उपासमारीने मरतो.

समुद्रात यासाठी एवढी मोठी वाढही लागत नाही. तेथल्या नेहमीच्या कडक उन्हाळ्यापेक्षा एखादा अंश जास्त तापमान काही आठवडे टिकले तरी पुरते. १९९८ साली असेच झाले. जगातले सुमारे १६ टक्के प्रवाळ गेले, आपल्या लक्षद्वीपलाही मोठा फटका बसला. तिथे दिवा मंद करायला कोणी नव्हते.

शिवाजी पार्कमागच्या समुद्रात प्रवाळभित्ती नाही. मिठी नदी आणि माहीमच्या खाडीच्या गाळाने पाणी इतके गढूळ असते की शैवालाला लागणारा उजेड खोल जात नाही. तरीही वरळी आणि हाजी अलीच्या खडकांवर प्रवाळ निघाले. किनारा रस्त्याच्या कामापायी २०२० मध्ये त्यांच्या १८ वसाहती राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या मदतीने दुसरीकडे हलवाव्या लागल्या. सगळ्या मिळून अर्धा चौरस मीटरही भरत नव्हत्या. त्या रायझँजिइडी कुळातल्या. या कुळातील बहुतेक प्रवाळ शैवाल बाळगतच नाहीत, पकडलेल्या अन्नावर जगतात. याँग यांनी वर्णन केलेला मांसाहारी प्रवाळ दादरपासून हाकेच्या अंतरावर होता म्हणायचा!

हौशी लोकांसाठी एक सांगितले पाहिजे. २००१ पासून भित्ती बांधणारे सर्व कठीण प्रवाळ वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आले. ते समुद्रातून काढणे किंवा विकत घेणे हा गुन्हा आहे, दुकानदार काहीही म्हणो. शैवाल बाळगणारे प्रवाळ पाहायचे तर मालवणला जावे. १९८७ पासून तेथे सागरी अभयारण्य आहे. २०१५ च्या सुमारास तिथल्या प्रवाळांचेही विरंजन झाल्याची नोंद गोव्याच्या शास्त्रज्ञांनी केली आहे.