संस्थानी मोटारगाड्यांच्या इतिहासाची साधने

सांगोला हे गाव मराठ्यांच्या इतिहासाच्या विद्यार्थ्यांस १७५० च्या करारामुळे ठाऊक असते. छत्रपती रामराजांच्या नावे चालणारा कारभार पेशव्यांच्या हाती एकवटण्याच्या प्रक्रियेत या कराराचे नेमके स्थान कोणते, याविषयी अभ्यासकांत मतभेद होऊ शकतील. परंतु वाद घालावयाचा तो कागद समोर ठेवून, हे सर्वांस मान्य आहे. याच गावी काही वर्षांपूर्वी मजपुढे एक निराळ्याच प्रकारचा पुरावा आला आणि तेथे कागद मात्र एकही नव्हता. तालुक्यातील बोलीचे नमुने गोळा करीत असता एका वयोवृद्ध मिस्त्रींनी सांगितले की, तरुणपणी त्यांनी कोणा संस्थानिकाकडून आलेल्या 'रोल्स राईस' गाडीचे इंजिन उघडले होते. पुढे ती गाडी मोडीत निघाली आणि तिचा मागचा आस एका टायरगाडीस बसविण्यात आला. गाडी कशी होती, असे विचारता ते म्हणाले, "लांबच्या लांब बानेट, आन् एका वळीत आट पलग. म्या सोत्ता साफ केल्यात की."

या एका वाक्यात दोन साक्षी आहेत व त्या परस्परांस छेद देतात. रोल्स रॉईस कंपनीने १९०५ च्या सुमारास आठ सिलिंडरांचा एक अल्पजीवी प्रयोग केला. तो वगळल्यास दुसऱ्या महायुद्धापूर्वी तिच्या भारतात येणाऱ्या गाड्या सहा सिलिंडरांच्या असत. १९३६ ते १९३९ या काळातील 'फॅन्टम थ्री' तेवढी बारा सिलिंडरांची होती. त्यातही सिल्व्हर घोस्ट आणि पहिल्या दोन फॅन्टम या मोठ्या गाड्यांत प्रत्येक सिलिंडरास दोन प्लग होते. म्हणजे या कंपनीच्या इंजिनावर सहा, बारा किंवा चोवीस प्लग सापडतील. एका ओळीत आठ सापडावयाचे नाहीत. याउलट अमेरिकेतील ब्यूक कंपनीने १९३१ पासून आपल्या सर्व गाड्यांस एका ओळीतील आठ सिलिंडरांचे इंजिन बसविले होते व पॅकार्डच्याही अनेक गाड्या तशाच होत्या. जनरल मोटर्सचा गाड्या जोडण्याचा कारखाना १९२८ पासून मुंबईत शिवडी येथे चालू होता, हेही येथे लक्षात घेतले पाहिजे. तात्पर्य, सांगोल्याची ती गाडी रोल्स रॉईस नव्हती. बहुधा अमेरिकन होती. याहून अधिक विधान करण्याचा अधिकार हा पुरावा आपणांस देत नाही.

मिस्त्रींनी खोटे सांगितले, असा याचा अर्थ नव्हे. नाव त्यांनी ऐकले होते. प्लग त्यांनी हाताळले होते. संस्थानिकाची मोठी गाडी म्हणजे 'रोल्स राईस' हे समीकरण आपल्या भागात इतके रूढ झाले होते की, ते विशेषनाम जवळजवळ सामान्यनामच बनले. नाव प्रतिष्ठेच्या वाटेने प्रवास करते, तर सुट्या भागाची ओळख हाताच्या वाटेने येते. प्रस्तुत टिपणाचा प्रतिपाद्य विषय हाच आहे की, युद्धपूर्व दुर्मिळ मोटारींचा इतिहास शोधताना या दोन वाटा वेगळ्या ठेवल्या पाहिजेत, आणि यांपैकी दुसरी वाट आज झपाट्याने बुजत चालली आहे.

अशा गाड्यांचा माग काढणारे हौशी संशोधक जगभर आहेत. इंग्लंडमध्ये 'व्हिंटेज स्पोर्ट्स कार क्लब' १९३४ मध्येच स्थापन झाला. मुंबईतही व्हिंटेज व क्लासिक मोटारींच्या हौशी मालकांची संघटना आहे. या मंडळींची कार्यपद्धती पाहिली म्हणजे आपल्याकडील पोथ्यांच्या पाठचिकित्सेची आठवण होते. गाडीचा सांगाडा, म्हणजे चासी, हिच्यावर कोरलेला क्रमांक ही त्यांची मूळ संहिता. फॅन्टम थ्रीचा क्रमांक तीन या अंकाने सुरू होतो, त्यापुढे मालिकेची अक्षरे व नंतर अनुक्रम येतो. अशुभ मानल्यामुळे तेरा हा अंक रोल्स रॉईसने आपल्या अनुक्रमांतून वगळला होता. या क्रमांकावरून कारखान्यातील मूळ नोंद काढता येते. नॉर्दम्पटनशायरमधील पॉलर्सपरी येथे 'हंट हाउस' या वास्तूत रोल्स रॉईसप्रेमींच्या संघटनेने अशा नोंदी जतन केल्या आहेत. गाडी कोणासाठी मागविली, सांगाडा कोणत्या कारागिराकडे धाडला, ती केव्हा हवाली झाली, इत्यादी तपशील त्यांत मिळतो.

'कोणत्या कारागिराकडे' हा प्रश्न आजच्या वाचकास चमत्कारिक वाटेल. परंतु त्या काळी रोल्स रॉईससारख्या कंपन्या केवळ चाकांवरील सांगाडा व इंजिन विकीत. वरची पेटी ग्राहक आपल्या पसंतीच्या कारखान्याकडून बांधून घेई. म्हणून एकाच गाडीस सांगाड्याचा, इंजिनाचा आणि पेटीचा असे तीन स्वतंत्र इतिहास असतात व ते तिन्ही नेहमी एकत्र नांदतातच असे नाही. इंदूरचे यशवंतराव होळकर यांची ड्यूसेनबर्ग हे याचे उत्तम उदाहरण होय. हे महाराज १९२६ ते १९४८ या काळात गादीवर होते. एकार्ट मुथेसियस या जर्मन वास्तुशिल्पज्ञाकडून त्यांनी माणिकबाग राजवाडा उभारून घेतला होता. त्यांच्या ड्यूसेनबर्गचा सांगाडा अमेरिकेतील इंडियाना राज्यात तयार झाला, पेटी लंडनच्या गर्नी नटिंग या कारखान्यात १९३५-३६ च्या सुमारास बांधली गेली, मालक मराठी राजघराण्यातील, आणि पुढे गाडी पुन्हा अमेरिकेस परतली. ड्यूसेनबर्ग कंपनी १९३७ मध्येच बंद पडली. अशा गाडीची वंशावळ एका दप्तरात कशी सापडेल?

पेटी बदलली, इंजिन बदलले, तर गाडी तीच राहते काय? हा प्रश्न तात्त्विक वाटतो. परंतु आपल्याकडे त्याचे उत्तर जुनेच आहे. जीर्णोद्धार झालेल्या देवळाचा काळ कोणी नव्या शिखरावरून ठरवीत नाही आणि जोत्यावरून ठरविला तरी शिखर नवे आहे ही नोंद लपवीत नाही. मोटारींच्या बाबतीत लबाडीस वाव मिळतो तो ही नोंद लपविल्यामुळे. उघड्या टपाच्या गाडीस बंद गाडीपेक्षा अधिक किंमत येत असेल, तर बंद पेटी काढून नवी उघडी पेटी चढविण्याचा मोह होतो. अशा वेळी 'अमुक महाराजांची गाडी' हे बिरुद जोत्यास लागू पडते की शिखरास, हे विचारणे संशोधकाचे कर्तव्य ठरते.

बिरुदावरून आख्यायिकांचा विचार ओघानेच येतो. लंडनच्या दुकानात अपमान झाला म्हणून एका महाराजांनी तेथल्या तेथे अनेक रोल्स रॉईस विकत घेतल्या आणि मायदेशी आणून त्यांस कचरा वाहण्याच्या कामी लावले, ही कथा वाचकांनी ऐकली असेल. कोणी ती अलवरच्या महाराजांवर घालतो, कोणी पतियाळाच्या, कोणी भरतपूरच्या, तर कोणी हैदराबादच्या निजामांवर. गाड्यांची संख्या सांगणाऱ्यागणिक बदलते. नायक बदलतो, आकडा बदलतो, परंतु घटनाक्रम स्थिर राहतो. लोककथेचे लक्षण याहून निराळे काय असते? परक्या सत्तेखाली वाढलेल्या समाजाच्या अपमानबोधाचे साधन म्हणून ही कथा मोलाची आहे. विशिष्ट गाडीचा पुरावा म्हणून तिचे मोल नाही. राजवाड्यांनी बखरींपेक्षा अस्सल पत्रांस अग्रस्थान दिले, त्याच न्यायाने चासीची नोंद हे पत्र होय व ही कथा बखर होय.

तथापि पत्राचीही मर्यादा असते. १९०८ साली झालेल्या मुंबई–कोल्हापूर मोटार-परीक्षेचे उदाहरण घ्या. सहाशे वीस मैलांच्या या परीक्षेत सह्याद्रीचे घाट पार करून एक रोल्स रॉईस यशस्वी झाली. पुढे ती ग्वाल्हेरचे माधवराव शिंदे यांनी घेतली आणि 'पर्ल ऑफ द ईस्ट' या नावाने ती प्रसिद्धी पावली. गाडीचे, तिच्या पुरस्कर्त्याचे व खरेदीदाराचे नाव राहिले. घाटात तिला पाणी कोणी घातले, रस्त्यावरचे दगड कोणी बाजूस केले, पुढे ग्वाल्हेरीत तिचे इंजिन कोणी उघडले, हे कारखान्याच्या नोंदीत असण्याचे कारण नाही. गाडी हवाली होताच कारखान्याचा लेखक लेखणी खाली ठेवतो. तेथून पुढची पन्नास-साठ वर्षे दुसऱ्या कोणी तरी लिहावयाची असतात.

आपल्या भागात ही पुढची वर्षे विशेष अंधारी आहेत व त्याचे कारण भूगोलात आहे. सांगोला तालुका ब्रिटिश मुलखातील सोलापूर जिल्ह्यात होता. पण त्याच्या दक्षिणेस जत संस्थान, पश्चिमेस औंध संस्थानाचा आटपाडी महाल आणि पूर्वेस सांगली संस्थानातील मंगळवेढे. एखादी गाडी सकाळी जतेहून निघून दुपारी मंगळवेढ्यास पोहोचली, तर तिने तीन राज्यांची हद्द ओलांडलेली असे. १९१४ व १९३९ चे मोटार-कायदे ब्रिटिश हिंदुस्थानास लागू होते. संस्थानांच्या नोंदी संस्थानांच्या. दक्षिणेतील ही संस्थाने ८ मार्च १९४८ रोजी आणि कोल्हापूर १ मार्च १९४९ रोजी मुंबई प्रांतात विलीन झाले. दप्तरे हलली, जिल्हे बदलले, गाड्यांना नवे क्रमांक मिळाले. पुढे १९७१ मध्ये संस्थानिकांचे तनखे बंद झाले. या दोन घटनांच्या दरम्यान व नंतर अनेक गाड्या विकल्या गेल्या, मोडल्या गेल्या वा परदेशी गेल्या. जुन्या आणि नव्या क्रमांकांची सांगड घालणारा कागद हरवला की, उरतो तो केवळ गाडी दुरुस्त करणारा माणूस.

या माणसाची साक्ष घ्यावयाची कशी, हा भाषाभ्यासकाचा प्रश्न आहे. मोटारीचे शब्द मराठीत दोन मार्गांनी आले. कोल्हापूरच्या न्यू पॅलेसमध्ये राजाराम महाराजांची जर्मन गाडी आहे. दसऱ्यास राजघराण्यातील मंडळी तीतून चौकात येतात. तिच्या नावाचा जर्मन उच्चार 'मायबाख' असा आहे. कोल्हापूर तिला 'मेबॅक' म्हणते. हा उच्चार जर्मन माणसाच्या तोंडून ऐकून आलेला नाही. इंग्रजी वळणाने अक्षरे वाचून तो सिद्ध झाला आहे. 'पलग', 'किन्नर', 'डायवर' हे शब्द मात्र कानांनी घेतले आणि जिभेने घडविले. पहिल्या वर्गातील शब्द गाडीकडे दुरून पाहणाऱ्याचे, तर दुसऱ्या वर्गातील शब्द तिच्याखाली निजणाऱ्याचे आहेत.

दुसऱ्या वर्गातील शब्दही निमूटपणे स्वीकारता येत नाहीत, कारण वस्तू गेल्यावर शब्द मागे राहतो. 'डिकी' म्हणजे मूळ गाडीच्या मागील बाजूस उघडणारी जादा बैठक. आज ती सामानाची जागा आहे. 'स्टेपनी' हे वेल्समधील लानेली गावच्या स्टेपनी रस्त्यावर १९०४ च्या सुमारास निघालेल्या एका चाकाचे नाव. ते चाक बिनआऱ्याचे असून फुसक्या चाकावर अडकवीत. आज कोणतेही जादा चाक म्हणजे स्टेपनी. 'डनलॉप' तर आपल्याकडे ऊस वाहणाऱ्या बैलगाडीचे नाव होऊन बसले. म्हणून प्रश्नकर्त्याने 'गाडीला डिकी होती का' असे न विचारता 'डिकीत माणूस बसे की सामान' असे विचारावे. 'स्टेपनी होती का' याऐवजी 'स्टेपनीला आरे होते का' असे विचारावे. गाडीचे नाव सर्वांत शेवटी विचारावे. सांगोल्यात मी ते प्रथम विचारले. त्या एका चुकीने पुढील अर्धा तास आम्ही दोघे रोल्स रॉईसविषयीच बोलत राहिलो. प्लगांचा उल्लेख आला तो केवळ योगायोगाने.

हा सर्व खटाटोप हौसेचा आहे, असे कोणी म्हणेल. परंतु जुलै २०२१ मध्ये केंद्र शासनाने पन्नास वर्षांहून जुन्या व मूळ स्वरूपात राखलेल्या वाहनांसाठी स्वतंत्र नोंदणीचे नियम केले आणि त्यांच्या क्रमांकांत 'व्हीए' ही अक्षरे ठेवली. सांगाडा, पेटी वा इंजिन यांत मोठा फेरफार नसावा, अशी त्यात अट आहे. 'मूळ स्वरूप' म्हणजे काय, हा प्रश्न अशा रीतीने सरकारी टेबलावर आला आहे. तेथे केवळ मालकाचा शब्द आणि चकचकीत रंग एवढेच पुढे आले, तर बखरच पत्राच्या जागी बसेल.

भाषा व इतिहास या दोन्ही विभागांतील पदव्युत्तर विद्यार्थ्यांनी मिळून करण्याजोगे हे काम आहे. कोल्हापूरच्या पुराभिलेखागारातील संस्थानी कागद इतिहासाच्या विद्यार्थ्याने पाहावेत. मिरज, जत, सांगोला, पंढरपूर या रस्त्यावरील जुन्या गॅरेजांतील वृद्धांशी भाषेच्या विद्यार्थ्याने बोलावे व ते बोलणे त्यांच्याच बोलीत, शुद्ध न करता, उतरून घ्यावे. 'पलग' हा शब्द 'प्लग' असा दुरुस्त करणारा लेखनिक कदाचित 'आट' हा आकडाही 'सहा' असा दुरुस्त करील, कारण रोल्स रॉईसला सहाच शोभतात. कागद आणखी काही वर्षे थांबतील. सांगोल्यातील ते मिस्त्री गेल्या वर्षी निवर्तले.