तश्तरीचा प्रवास

आमच्या उर्दू शाळेतल्या एका मुलीने मराठीच्या वहीत लिहिले होते, 'अम्मीने चहाची तश्तरी पुढे केली.' मी तांबड्या शाईने 'तश्तरी' खोडून वर 'बशी' लिहिले. 'हा आपला घरातला शब्द, मराठीत चालत नाही,' असेही बजावले. पुढे शब्दकोश चाळताना चूक माझीच निघाली.

मूळ शब्द फारसी 'तश्त'. म्हणजे पसरट भांडे. त्यावरूनच तश्तरी. जुन्या मराठीतले हात धुण्याचे 'तस्त'ही तेच. अरबांनी हा शब्द घेऊन 'तास', 'तासा' अशी रूपे केली. इ.स. ७११ ते १४९२ या काळात स्पेनच्या भूमीवर कुठे ना कुठे मुस्लिम सत्ता होती. त्या अंदलुसमधून आणि भूमध्य समुद्रावरील व्यापारातून तो युरोपात पसरला. स्पॅनिश 'तासा', इटालियन 'तात्सा', फ्रेंच 'तास', जर्मन 'तासे' ही सारी त्याचीच लेकरे. युरोपातली कोट्यवधी माणसे रोज सकाळी कॉफी पितात ती यातूनच.

पोर्तुगीजांनी तर त्याला मैदानात नेले. त्यांच्या भाषेत 'तासा' म्हणजे पेला आणि विजेत्याचा चषकही. १९३८-३९ पासून तिथे फुटबॉलची 'तासा द पोर्तुगाल' स्पर्धा आहे.

शेजारच्या भाषांनी चषकासाठी लॅटिन 'कूपा'चे वंशज निवडले. कूपा म्हणजे पिंप. त्यावरून फ्रेंच 'कूप', स्पॅनिश 'कोपा', इटालियन 'कोप्पा' आणि आपल्या चहाचा 'कप'. जर्मनांनी मात्र इटालियन 'बोक्काले' या सुरईच्या नावावरून 'पोकाल' केले.

भाषा कोणतीही असो, बक्षिसाला नाव पेल्याचेच. कारण पूर्वी घोड्यांच्या शर्यतीत वगैरे खरोखरच चांदीचा पेला देत. १९७४ पासूनच्या फुटबॉल विश्वचषकात पाण्याचा घोटही मावत नाही, तरी तो 'कप'च! अरबीत त्याला 'कास' म्हणतात. जन्नतच्या पेयाचे वर्णन करताना कुरआनात आलेला शब्द हाच. इराणी लोक 'जाम' म्हणतात.

जो शब्द लिस्बनपासून बर्लिनपर्यंत कुणाला परका वाटला नाही, तो मी माझ्याच वर्गात परका ठरवला होता. दुसऱ्या दिवशी वही मागवली आणि माझी तांबडी रेघ खोडली. 'बशी'ही राहू दिली. मुलीला म्हटले, "बेटा, दोन्ही शब्द मराठीच आहेत. दोन्ही लिही."