न्यूमोकॉकस
न्यूमोनियाच्या प्रमुख कारणांपैकी एक असलेला जंतू. फ्रान्समध्ये लूई पाश्चर यांना रेबीज झालेल्या बालकाच्या, तर अमेरिकेत जॉर्ज स्टर्नबर्ग यांना स्वतःच्याच लाळेत तो आढळला (१८८१). निरोगी माणसाच्या घशात निरुपद्रवी राहणारा हा जंतू प्राणघातक कसा होतो, हा प्रश्न तेव्हापासूनचा आहे. भक्षक कोशिकांपासून त्याचे रक्षण करणाऱ्या बहुशर्करायुक्त संपुटाने अर्धेच उत्तर मिळाले. कारण संपुट जाड असल्यास जंतूस ऊतकाला चिकटणे अवघड जाते. शोथामुळे उद्दीपित झालेल्या मानवी कोशिकांवर बिंबाणू-सक्रियक घटकाचे ग्राही वाढतात, जंतुभित्तीवरील फॉस्फोरिलकोलीन त्या घटकाशी सदृश असल्याने ग्राहीला जखडते व कोशिकाच जंतूला आत घेते, असे ईलेन टूओमानेन व सहकाऱ्यांनी १९९५ मध्ये दाखविले. २००० मध्ये दुसरा मार्ग उघड झाला. प्रतिपिंडे श्लेष्मकलेच्या पृष्ठभागावर वाहून आणणाऱ्या ग्राहीला जंतूचे एक पृष्ठप्रथिन चिकटते आणि जंतू त्याच वाटेने उलट आत शिरतो. इन्फ्ल्यूएंझाने श्वसनमार्गाचे अस्तर दुखावल्यास हे आसंजन सुलभ होते. १९१८ च्या साथीतील बहुसंख्य मृत्यूंस दुय्यम जंतुसंसर्ग कारणीभूत होता. जंतूचे संपुटानुसार शंभराहून अधिक प्रकार असून प्रचलित लशी त्यांपैकी काहींपुरत्याच उपयुक्त आहेत. म्हणून पृष्ठप्रथिनांवर आधारित लशींचे संशोधन चालू आहे.