तुडतुडा कोणी वाढवला? जावाच्या भातखाचरांतील एक प्रकरण

थोडा मोठा धागा आहे, सवडीने वाचावा.

१९८५ च्या नोव्हेंबरात इंडोनेशियाचे राष्ट्राध्यक्ष सुहार्तो रोममध्ये संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेच्या व्यासपीठावर उभे होते. काही वर्षांपूर्वीपर्यंत जगात सर्वाधिक तांदूळ आयात करणारा त्यांचा देश १९८४ मध्ये स्वयंपूर्ण झाला होता. आफ्रिकेतील दुष्काळग्रस्तांसाठी इंडोनेशियन शेतकऱ्यांच्या वतीने सुमारे १ लाख टन भाताची भेट घेऊन ते आले होते. राजवट म्हणून सुहार्तोंचा काळ रक्तरंजित होता, हे विसरता येत नाही. पण त्या दिवशीचा सन्मान देशाच्या शेतकऱ्यांनी कमावलेला होता.

पुढच्याच वर्षी मध्य जावातील भातखाचरे करपू लागली.

कारण होते तपकिरी तुडतुडा. तांदळाच्या दाण्याहूनही लहान असा हा कीटक चुडाच्या बुंध्याशी बसून रस शोषतो. संख्या वाढली की शेतात गोल चट्टे पडतात आणि आठवड्याभरात उभे पीक जळाल्यासारखे दिसते. भंडारा-गोंदियाच्या किंवा कोकणातल्या भातकऱ्याला त्याची ओळख करून द्यावी लागणार नाही. केरळातील कुट्टनाड भागात १९७३-७४ मध्ये त्याने हाहाकार माजवला होता.

गंमत अशी की १९६० च्या दशकापर्यंत आशियातील बहुतेक भातशेतीत हा कीटक किरकोळ समजला जाई. मग तो एवढा मातला कसा?

नेहमी दिले जाणारे उत्तर हरितक्रांतीकडे बोट दाखवते. १९६६ मध्ये फिलिपाइन्समधील आंतरराष्ट्रीय भात संशोधन संस्थेने ‘आयआर-८’ हे बुटके वाण आणले. दाट फुटवे, भरपूर युरिया, वर्षाला दोन-तीन पिके. तुडतुड्याला बारमाही पंगतच मिळाली. हे खरे आहे, पण अपुरे आहे.

इंडोनेशियात बियाणे, खत आणि कीटकनाशक एकाच कर्जयोजनेत बांधून दिले जाई. १९६० च्या दशकाच्या अखेरीस तर परदेशी कंपन्यांशी करार करून विमानांतून फवारणी झाली. पुढे कीटकनाशकाच्या किमतीचा सुमारे ८० टक्के भार सरकारच उचलू लागले आणि त्यावर वर्षाकाठी १० कोटी डॉलरहून अधिक खर्च होऊ लागला. इतके स्वस्त औषध हाताशी असताना कीड दिसण्याची वाट कोण पाहणार? लोक वेळापत्रकाने फवारू लागले.

१९७६-७७ मध्ये पहिला मोठा उद्रेक झाला. तुडतुड्याला दाद न देणारे म्हणून आणलेले ‘आयआर-२६’ दोन-तीन वर्षांत हतबल झाले. त्याच्या जागी ‘आयआर-३६’ आले. उद्रेक झाला की नवे बियाणे आणि वाढीव फवारणी, असा शिरस्ता पडला.

याच सुमारास फिलिपाइन्समध्ये पीटर केनमोर हा तरुण अमेरिकी संशोधक भातखाचरांत उतरला. त्याने विचारलेला प्रश्न साधा होता : ज्या शेतात कधीच फवारणी होत नाही, तिथे तुडतुडा का माजत नाही? उत्तर चिखलात आणि बुंध्याशी होते. लांडगा कोळी दिवसाला पाच ते पंधरा भक्ष्ये टिपतो. एक हिरवा मिरिड ढेकूण तुडतुड्याच्या अंड्यांत सोंड खुपसून ती रिकामी करतो. पाण्यावर धावणारे चिमुकले ढेकूण खाली पडलेली पिल्ले गाठतात. डोळ्यांना जेमतेम दिसणाऱ्या परजीवी गांधीलमाश्या त्याच्या अंड्यांत आपली अंडी घालतात. (कोळी हा कीटक नव्हे, हे ठाऊक आहे, पण शेतकऱ्याच्या हिशेबात तोही मित्रकिडींतच.)

आता फवारणी केली की काय होते ते पाहा. तुडतुड्याची मादी अंडी पानाच्या आवरणाच्या आत, वनस्पतीच्या ऊतींत घालते. वरून पडलेले औषध तिथपर्यंत पोहोचत नाही. प्रौढ तुडतुडे मरतात आणि त्यांच्याबरोबर कोळी, ढेकूण, गांधीलमाश्याही मरतात. आठ-नऊ दिवसांनी अंडी फुटतात आणि पिल्ले बाहेर येतात ती शत्रू नसलेल्या शेतात. काही कीटकनाशकांच्या सौम्य मात्रेने तर मादी अधिक अंडी घालते, असेही प्रयोगांत आढळले. शेतकरी पुन्हा फवारतो आणि चक्र पुन्हा फिरते. ज्या साधनाने कीड आवरायची, तेच तिला वाढवत होते.

इंडोनेशियात इदा न्योमन ओका यांच्यासारखे कीटकशास्त्रज्ञ हेच सांगत होते. तरीही केवळ शास्त्राच्या बळावर धोरण बदलले असते, असे मला वाटत नाही. १९८६ मध्ये तेलाचे भाव कोसळले, सरकारी तिजोरी आटली आणि अनुदानाचा खर्च नियोजनकारांच्या डोळ्यांत खुपू लागला. शास्त्र आणि काटकसर एकाच दारातून आत आले.

५ नोव्हेंबर १९८६ रोजी सुहार्तोंनी ‘अध्यक्षीय आदेश क्रमांक ३’ काढला. भातावर वापरल्या जाणाऱ्या ५७ कीटकनाशकांवर बंदी आली. १९८९ च्या आरंभापर्यंत अनुदानही टप्प्याटप्प्याने संपले. उत्पादन बुडेल, अशी भीती घालणारे पुष्कळ होते. प्रत्यक्षात पुढील काही वर्षांत कीटकनाशकांचे प्रमाण निम्म्याहून खाली आले आणि भाताचे उत्पादन वाढतच राहिले.

केवळ बंदीने हे साधले नसते. १९८९ पासून राष्ट्रीय कार्यक्रम म्हणून गावोगावी शेतीशाळा भरू लागल्या. सुमारे पंचवीस शेतकरी, एक हंगाम, आठवड्यातून एक सकाळ, आणि वर्ग म्हणजे खाचर. चुडाभोवती जाळी लावून आत कोळी आणि तुडतुडे सोडायचे आणि कोण कोणाला खातो ते स्वतः पाहायचे. मोठ्या कागदावर खडूने शेताचे चित्र काढायचे, त्यात मित्र आणि शत्रू मांडायचे आणि मग ठरवायचे, फवारायचे की नाही. दशकाच्या अखेरीस सुमारे १० लाख शेतकरी या शाळांतून गेले. आपल्याकडे कृषी विभाग ज्या शेतीशाळा घेतो, त्या पद्धतीचे मूळ जावाच्या याच चिखलात आहे.

मात्र हे सेंद्रिय शेतीचे आंदोलन नव्हते. युरियाचे अनुदान चालूच राहिले. सेंद्रिय द्रव्याचा मुद्दा आला तो वेगळ्या वाटेने, आणि मला तो या प्रकरणातील सर्वांत मोलाचा भाग वाटतो.

विल्यम सेटल आणि त्यांच्या इंडोनेशियन सहकाऱ्यांनी जावाच्या खाचरांतील जीव मोजले. कीटक आणि कोळी मिळून सातशेहून अधिक प्रजाती निघाल्या. कोडे असे होते की लावणीनंतरच्या पहिल्या आठवड्यांत तुडतुडे जवळपास नसतात, तरी भक्षकांची संख्या मोठी असते. मग हे भक्षक खातात काय? १९९६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या निबंधात उत्तर आहे. चिखलातील कुजलेला पेंढा, शेण आणि पालापाचोळा यांवर सूक्ष्मजीव वाढतात; त्यांवर पिकाला काहीही अपाय न करणाऱ्या चिलटांच्या अळ्या आणि कुजके खाणारे बारीक कीटक जगतात; आणि त्यांवर कोळी व ढेकूण पोसले जातात. तुडतुडा येतो तेव्हा फौज आधीच उभी असते. सेंद्रिय द्रव्य घातलेल्या वाफ्यांत ही सारी साखळी वाढली, तर हंगामाच्या आरंभी फवारलेल्या वाफ्यांत ती तुटली आणि तुडतुडे वाढले.

याच अभ्यासाने आणखी एक समजूत हलवली. किडीची साखळी तोडण्यासाठी सर्वांनी एकाच वेळी लावणी करावी, असा सरकारी सल्ला असे. पण पश्चिम जावाच्या उत्तर किनाऱ्यावर, जिथे अफाट क्षेत्र एकदम लावले जाई आणि मग दीर्घकाळ कोरडे पडे, तिथेच भक्षक उशिरा पोहोचत. लहान तुकड्यांत, मागेपुढे लावलेल्या मुलखात त्यांना कायम आसरा मिळे.

१९९९ मध्ये राष्ट्रीय कार्यक्रमाचा निधी संपला. त्याच वर्षी शाळांतून घडलेल्या शेतकऱ्यांनी स्वतःची देशव्यापी संघटना स्थापन केली. बाजारात मात्र कीटकनाशकांची नवनवी नावे येत राहिली. २०१०-११ मध्ये जावाची खाचरे तुडतुड्याने पुन्हा करपली.