आमचा इतिहास, इयत्ता सातवीपर्यंत

एखाद्या माणसाला गावात तोंड दाखवायला जागा ठेवायची नसेल, तर त्याला गावच्या शाळेचा इतिहास लिहायला सांगावा. बाकी काही करायला लागत नाही. माणूस आपोआप गावाबाहेर पडतो.

२०२४ साली आमच्या शाळेला शंभर वर्षं पूर्ण झाली. त्या सुमारास एका रविवारी सकाळी चार माणसं आणि एक नारळ असं शिष्टमंडळ पुण्याला माझ्या बिऱ्हाडी आलं. "तुमी लिवता म्हणं," अध्यक्ष म्हणाले. मी आजवर जे लिहिलं त्यात पाण्याच्या टाकीविषयी संपादकांना पाठवलेली तीन पत्रंच काय ती छापून आली आहेत. पण नारळ पुढे आला की भल्याभल्यांना आपण साहित्यिक वाटायला लागतो. "विद्यार्थ्यांचे उपक्रम आणि यश" या विषयावर स्मरणिकेत आठ पानं मला मिळाली. त्यांतली चार पुढे जाहिरातींना गेली, तो भाग वेगळा.

आमचं गाव कराड तालुक्यात, पाटणच्या रस्त्याला आत वळून. कराड नऊ मैल. शाळा सातवीपर्यंत. १९२४ साली डिस्ट्रिक्ट लोकल बोर्डानं ती काढली तेव्हा इमारत नव्हती, म्हणून वर्ग मारुतीच्या देवळात भरत. पहिल्या वर्षी रोज हजर असणारा एकटा मारुतीच. पुढे दगडमातीच्या तीन खोल्या झाल्या, चौथीच्या पुढे वर्ग वाढले आणि आमची मुलं व्हर्नाक्युलर फायनलला बसू लागली. आजच्या वाचकाला सांगायला हवं की फायनल म्हणजे मराठी सातवी, आणि ती पास झालेला माणूस त्या काळी मास्तर नाहीतर तलाठी होऊ शकत असे. नापास झालेला त्या दोघांना शिव्या देत शेती करी.

इतिहासाची साधनं एका पत्र्याच्या पेटीत होती. लॉगबुक, शेरेबुक, हजेरीपत्रकं आणि जनरल रजिस्टर. पेटी उघडल्यावर आधी झुरळं बाहेर आली. तीच बहुधा शाळेचे सर्वांत जुने विद्यार्थी असावीत.

मी कपापासून सुरुवात केली. आमच्या शाळेत एकच ढाल आहे. तालुक्याच्या खो-खो सामन्यांत आमचा संघ उपविजेता ठरला, तिची ती ढाल. लहानपणी आम्ही तिच्याकडे बघून छाती फुगवत असू. लॉगबुकात त्या दिवसाची नोंद सापडली, तेव्हा कळलं की पावसामुळे त्या वर्षी दोनच संघ पोचले होते. अध्यक्षांना सांगितलं तर ते म्हणाले, "मग काय झालं? दुसरा नंबर तो दुसराच की." यावर इतिहासकाराला बोलता येत नाही.

त्यानंतर टकळी. १९३७ साली गांधीजींच्या पुढाकारानं वर्ध्याला शिक्षण परिषद भरली, झाकिर हुसेन यांच्या समितीनं योजना केली, आणि हातानं काम करत शिकायचं असं ठरलं. वर्ध्याहून निघालेली टकळी आमच्या गावात पोचायला बरीच वर्षं लागली, पण पोचल्यावर ती ठाण मांडून बसली. शाळेला 'जीवन शिक्षण मंदिर' अशी पाटी लागली. दुपारच्या सुट्टीनंतर सगळा वर्ग पेळू घेऊन बसे, आणि गुरुजींची पाठ वळली की टकळ्यांच्या भोवऱ्यांसारख्या झुंजी लागत. चार फुटांची एक तार, एकशेसाठ तारांची लटी, सहाशे चाळीस तारांची गुंडी. हे कोष्टक मला अजून पाठ आहे. सूत मात्र मी आयुष्यात दीड लटीच्या वर काढलं नाही. १९६३-६४ साली साऱ्या शाळेनं मिळून सोळा गुंड्या सूत काढल्याची नोंद आहे. शेरेबुकात दिपोटीसाहेबांनी खाली लिहिलं आहे, 'सूत जाड आहे. मुले सडपातळ आहेत. उलट व्हावे.' साहेब रसिक असावेत.

१९६२ साली दोन गोष्टी घडल्या. मे महिन्यात जिल्हा परिषदा आल्या आणि लोकल बोर्डाची पाटी पुसून नवी रंगवली गेली. हिवाळ्यात चीनची लढाई झाली. यशवंतराव चव्हाण संरक्षणमंत्री म्हणून दिल्लीला गेले, आणि लढाई जणू कराडची आहे असं आमच्याकडे वातावरण झालं. (यशवंतरावांचं जन्मगाव देवराष्ट्रे नकाशात सांगली जिल्ह्यात आहे. आमच्याकडे हा मुद्दा कोणी काढत नाही.) शाळेच्या बागेत आम्ही वांगी लावली होती. ती बाजारात विकून एकवीस रुपये साठ नवे पैसे आम्ही संरक्षण निधीला पाठवले. मनिऑर्डरचं कमिशन गुरुजींनी पदरचं भरलं. वांगी किडकी होती, हे लॉगबुकात नाही. मी खाल्ली होती म्हणून सांगतो.

इथपर्यंत लेख झकास चालला होता. मग मी हजेरीपत्रकं काढली.

२४ ऑगस्ट १९४२ ला कराडच्या कचेरीवर मोर्चा गेला होता, हे आमच्या भागात शाळकरी पोरालाही ठाऊक असतं. वार सोमवार, शाळेचा दिवस. म्हटलं, बघू तरी आपल्या शाळेत त्या दिवशी काय चाललं होतं. सातवीच्या हजेरीत त्या तारखेखाली उभ्याच्या उभ्या रकान्यात गैरहजेरीचे शून्य. एकही पोरगा हजर नाही. आणि शेऱ्याच्या जागी सुरेख वळणदार अक्षरात एकच शब्द, 'अतिवृष्टी'. गंमत अशी की त्याच दिवशी पहिली ते सहावीची सगळी मुलं हजर आहेत. आमच्या गावात त्या सोमवारी पाऊस पडला तो फक्त सातवीच्या मुलांवर.

ते अक्षर मी ओळखलं. त्यातला 'अ' विशिष्ट असायचा, डोक्यावर पागोटं बांधल्यासारखा. तो आमच्या हेडगुरुजींचा. बेचाळीस साली ते तिथे नवशिके साहाय्यक शिक्षक होते, आणि बदल्यांची तालुकाभर प्रदक्षिणा करून माझ्या वेळेला हेडमास्तर म्हणून परत आले होते. त्या एका शब्दावरून चौकशी झाली असती तर नोकरी गेली असती. पण रजिस्टर कोणी उघडलं नाही आणि पोरं वाचली. एवढ्या वर्षांत हे गुरुजी एका शब्दानं बोलले नाहीत. आम्हाला ते 'खोटे कधी बोलू नये' हा सुविचार महिन्यातून दोनदा फळ्यावर लिहायला लावीत.

या माणसाचं रजिस्टरावर प्रेम विलक्षण. ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे कोयनेचा भूकंप झाला, तेव्हा गुरुजी शाळेच्याच कोपऱ्यातल्या खोलीत राहत होते. भिंत कलली तेव्हा ते बाहेर पळाले ते काखेत जनरल रजिस्टर घेऊन. त्यांची स्वतःची ट्रंक, घोंगडं, चष्मा, सगळं आत मातीखाली. नंतर लोक विचारीत, "गुरुजी, ट्रंक न्हाई का आणायची?" त्यावर म्हणत, "ट्रंकेत माझे कपडे होते. यात साऱ्या गावाचे जन्म आहेत."

ते रजिस्टर मी शेवटी उघडलं. नाव, जन्मतारीख, दाखल दिनांक, शाळा सोडल्याचे कारण. या शेवटच्या रकान्याइतकं वाचनीय वाङ्मय मराठीत थोडं असेल. 'सतत गैरहजर.' 'गुरे राखणेस.' 'मुंबईस गेला.' 'मुंबईहून आला. पुन्हा गेला.' मी माझ्या वर्षावर आलो. १९६५. माझ्या नावाच्या खाली चौथ्या ओळीत तिचं नाव.

तिचं नाव मी इथे लिहीत नाही. लिहिलं तर ती त्यात ऱ्हस्व-दीर्घाची चूक काढील.

चौथीची आणि सातवीची शिष्यवृत्ती परीक्षा आपल्याकडे १९५४-५५ पासून सुरू झाली. (पुढे ती पाचवी-आठवीला नेली गेली, तेव्हा आमच्या शाळेचा सातवीचा रुबाब गेला.) आमच्या वर्षी शाळेतून चार जणांना बसवायचं ठरलं. तीन मुलगे आणि ती. मी तिसरा मुलगा होतो, कारण खरा तिसरा गालगुंडानं आजारी पडला. गणितात माझी गती बैलगाडीची, तीही चढावर. त्रैराशिक म्हटलं की मजुरांच्या जागी दिवस आणि दिवसांच्या जागी मजूर यायचे, आणि अडीच माणसं विहीर खणून जायची. दोन महिने रोज संध्याकाळी देवळाच्या पायरीवर तिनं मला त्रैराशिक शिकवलं. शिकवलं म्हणजे काय, चुकलं की ती पाटीवर थुंकून पुसायची आणि म्हणायची, "पुन्हा मांड." मारायची नाही. मारलं असतं तर बरं झालं असतं. परीक्षेच्या दिवशी रात्री तीनला गाडी जुंपली. कराड येईपर्यंत ती कंदिलाच्या उजेडात उदाहरणं घालत होती आणि पुढे बसलेले गुरुजी झोपल्याचं सोंग करत होते.

आम्ही दोघं पास झालो. निकाल जूनमध्ये आला. माझं नाव 'गुणवंत विद्यार्थी' या लाकडी फलकावर ऑइलपेंटनं चढलं. तिचं चढलं नाही, कारण ती शाळेत नव्हती. मे महिन्यात तिचं लग्न झालं. मी त्या लग्नात पाण्याचा तांब्या घेऊन पंगतीत फिरलो आणि बुंदी तीनदा मागून घेतली. तेरा वर्षांच्या पोराला बुंदी कळते, बाकीचं उशिरा कळतं.

रजिस्टरात तिच्या नावापुढे कारण लिहिलं आहे, 'आजोळी गेली'. तोच पागोटेवाला 'अ', पुढे काना. शारदा कायदा १९२९ चा. १९४९ च्या दुरुस्तीनं मुलीचं वय पंधरा केलं, अठरा व्हायला १९७८ उजाडलं. ती पंधराचीही नव्हती. खरं कारण लिहिलं असतं तर तिच्या बापावर कागद झाला असता. लॉगबुकात एप्रिलच्या एका तारखेखाली ओळ आहे, 'इयत्ता सातवीतील मुलीच्या पालकांस दोन वेळा समक्ष भेटलो. चहा दिला.' बस्स. यापुढे गुरुजींनी काय करायला हवं होतं, हे मी तीन रात्री अंथरुणात पडून ठरवत होतो. पोलिसात जायला हवं होतं, असं पहिल्या रात्री ठरलं. तिसऱ्या रात्री आठवलं की त्यांनी निदान दोनदा दार वाजवलं होतं. मी बुंदी वाजवली.

हे सगळं मी लेखात लिहिलं आणि अध्यक्षांना वाचून दाखवलं. अतिवृष्टीला त्यांनी मांडीवर थाप मारली. आजोळ आलं तेव्हा त्यांनी सुपारी कातरायला घेतली. "भाऊ, तिचा भाऊबंद हाय गावात. वर्गणी बी मोठी दिलीय. कशाला त्ये?" मग म्हणाले, "त्या जागी काय तरी चांगलं घाला. मुलांचा उत्साह वगैरे."

आणि मी घातलं. खोटं कशाला बोलू? दोन परिच्छेद काढले आणि त्या जागी लिहिलं की, आमच्या चिमुकल्या शाळेनं एका वर्षात काढलेल्या सोळा गुंड्या सुताचा धागा एकास एक जोडला, तर तो थेट कराडपर्यंत पोचला असता. वाक्य मलाच फार आवडलं. शेवटी पोरांच्या नशिबी इतिहासकार आला तोही आजोळी जाणाराच.

समारंभाला मांडव होता, लेझीम होतं, आमदार दोन तास उशिरा होते. शाळेचा आजचा पट सव्वीस आहे. त्या सव्वीस पोरांनी सव्वीस पाहुण्यांना गुलाब दिले, तेव्हा हिशेब बरोबर जुळल्याचं हेडमास्तरीणबाईंना केवढं समाधान वाटलं! मी फलकाखाली उभा होतो. एक हिरव्या काठाच्या लुगड्यातली बाई काठी टेकत आली, चष्मा वर करून फलक वाचू लागली. १९६५ पाशी थांबली.

"रंग चांगला टिकलाय," ती म्हणाली.

मी ओळखलं. काय बोलावं सुचेना. तब्येत कशी आहे, मुलं कुठे असतात, असलं काहीतरी विचारलं. तिच्या सासरच्या गावी दूध संस्था आहे, तिथला हिशेब कैक वर्षं तीच लावते. सही नवरा करायचा, आता मुलगा करतो. हे तिनं पाऊसपाण्याचं सांगावं तसं सांगितलं. तिच्या हातात स्मरणिका होती, बोट घालून एका पानावर धरलेली.

"ह्ये तू लिवलंयस?"

"हो."

"सोळा गुंड्यांत कराड येतंय व्हय रं?"

मी म्हटलं, "अंदाजे."

"अंदाज कशापायी? मांड की. गुंडीचं पंचवीसशे साठ फूट. सोळा गुंड्यांचं झालं चाळीस हजार नऊशे साठ. नऊ मैलांचं किती?"

मी तोंड उघडलं. तेरा वर्षांचा असताना उघडत होतो तसंच.

"सत्तेचाळीस हजार पाचशे वीस," ती म्हणाली. "तुझं सूत कराडच्या अलीकडं सव्वा मैलावर तुटतंय. साडेअठरा गुंड्या पायजेत."

मी खिशातून पेन काढलं आणि तिच्या प्रतीवर सोळावर काट मारली. पण सोळा हा आकडा तर खरा होता. मग 'कराडपर्यंत' वर काट मारली. ती बघत होती.

"असल्या किती छापल्यात?"

"पाचशे."

"मग बस आता," ती म्हणाली आणि मांडवाच्या कडेची एक खुर्ची काठीनं माझ्याकडे सरकवली.