उटनूरची शाळा : मार्लवाई ते मोबाईल

उटनूर भागातल्या शिक्षणाचा इतिहास आपण मराठी मंडळींनी आवर्जून वाचावा असा आहे, कारण त्यात आपल्या लिपीचा वाटा आहे. १९४० साली कोमराम भीम जोडेघाटला मारले गेले. त्यानंतर निजाम सरकारने गोंडांचे प्रश्न समजून घेण्याचे काम मानववंशशास्त्रज्ञ क्रिस्टोफ फॉन फ्यूरर-हाइमेंडॉर्फ यांच्याकडे सोपवले. हे गृहस्थ कचेरीत न बसता पत्नीसह मार्लवाई गावात घर करून राहिले. तिथेच १९४३ मध्ये गोंड शिक्षक तयार करणारे केंद्र सुरू झाले. मुलांची पहिली पुस्तके गोंडी भाषेत निघाली, पण देवनागरीत. इथल्या गोंडांना बाजारहाटापुरती मराठी येत होती आणि त्यांच्या कथा गाणाऱ्या परधानांची तर ती घरचीच बोली.

१९५६ मध्ये राजुरा तालुक्यासह काही भाग मुंबई राज्यात गेला, बाकीचा आदिलाबाद जिल्हा आंध्र प्रदेशात. शाळेत तेलुगू आली. घरी गोंडी, बाजारात मराठी, वर्गात तेलुगू अशी मुलांची तारांबळ तेव्हापासूनची. आपल्या घरांनीही ती थोडीफार अनुभवली आहेच.

दूरशिक्षणाने हे अंतर मिटले नाही. देशातले पहिले मुक्त विद्यापीठ १९८२ मध्ये हैदराबादलाच निघाले. पुस्तके गावोगाव पोहोचू लागली, पण ती वाचायला आधी शाळेची भाषा पक्की हवी. २०२० च्या कोरोनाकाळात तेलंगणाचे धडे टीव्हीवर आले. शिक्षक समोर असला की अडलेला शब्द तो गोंडीत सांगू शकतो. पडदा सांगत नाही.

कृत्रिम बुद्धिमत्तेकडून आशा आहे ती इथेच. आदिलाबादचे सरकारी शाळेतले शिक्षक थोडासम कैलाश यांनी तिच्या मदतीने कोलामी भाषेत गाणे तयार केले. २०२५ मध्ये पंतप्रधानांनी 'मन की बात'मध्ये त्याचा उल्लेख केला. त्याच वर्षी केंद्राचे 'आदि वाणी' हे भाषांतराचे अ‍ॅप आले. त्यात गोंडी आहे, पण सुरुवात छत्तीसगडच्या गोंडीपासून. आदिलाबादची गोंडी तिच्यापेक्षा बरीच वेगळी.

यंत्र शिकते ते त्याला दिलेल्या मजकुरावरून आणि आवाजांवरून. ज्या बोलीचे लिखाण थोडे, तिच्यात ते अडखळते किंवा शेजारच्या बोलीचे शब्द बेधडक ठोकून देते, आणि परीक्षेच्या तयारीतल्या मुलाला ते कळतही नाही. उटनूरजवळच्या गुंजाळा गावात गोंडीच्या स्वतंत्र लिपीतली जुनी हस्तलिखिते सापडली. २०१८ मध्ये ती लिपी युनिकोडमध्ये आली. म्हणजे अक्षरे संगणकात पोहोचली आहेत. आम्हांला वाटते, आता परधानांच्या कथा आणि म्हाताऱ्यांचे बोलणे ध्वनिमुद्रित करून, गोंड शिक्षकांकडून तपासून घेणे हे पहिले काम. त्यातले मराठी शब्द ओळखायला आपल्या मंडळातली जुनी माणसे आजही उपयोगी पडतील.